आजी-आजोबांच्या घरातील तसबिरी पुन्हा भिंतीवर लावताना

ओटीवरून

राजापूर तालुक्यातील आमचे घर जांभ्या दगडाचे आहे. या वैशाखात माजघराच्या भिंतींचा गिलावा नव्याने केला आणि त्यासाठी सगळ्या तसबिरी उतरवल्या. मोजल्या तेव्हा त्या २३ भरल्या. आजोबांचे वय ९१ आणि आजीचे ८६ असून दोघेही बारा महिने तेथेच राहतात. आम्ही नातवंडे मुंबई-पुण्याहून गणपतीला आणि मे महिन्यात जातो. गिलावा सुकला आहे, तसबिरी बाजल्यावर चादरीत गुंडाळून ठेवल्या आहेत, आणि त्या परत कशा लावाव्यात यावर घरात एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पूर्वीची मांडणी अशी होती. तुळईच्या खाली, हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, पणजोबांची मोठी तसबीर पुढे झुकवून टांगलेली होती. तिच्या मागच्या पोकळीत दरवर्षी चिमण्या घरटे करत आणि पिल्ले उडून जाईपर्यंत आजोबा तिला कोणालाही हात लावू देत नसत. तिच्या शेजारी लक्ष्मीचे जुने छापील चित्र होते. त्याखाली आत्या-काकांची लग्ने, पदवीदानाच्या झग्यातले वडील, आम्हा नातवंडांची बारशी, आणि १९८० नंतरचे रंगीत फोटो, जे आता सगळेच्या सगळे तांबूस झाले आहेत. या मांडणीत आम्हाला कोणताही क्रम दिसत नव्हता. म्हणून आम्ही चुलत-आत्ये भावंडांनी कागदावर एक आराखडा काढला: वर पणजोबा-पणजी, त्याखाली त्यांची मुले, त्याखाली नातवंडे, असा वंशवृक्षासारखा. आजीने तो पाहिला, घडी घालून परत दिला आणि एवढेच म्हणाली, "मला स्वयंपाकघरातून कोण दिसणार, ते यात कुठे आहे?"

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी, इतर सर्व तसबिरींपेक्षा बरीच खाली, आजीच्या थोरल्या जाऊबाईंचा एक लहानसा, अंधुक फोटो होता. त्यांना घरात मोठी आजी म्हणत. मी त्यांना पाहिलेले नाही. सतराव्या वर्षी त्यांना वैधव्य आले आणि पुढचे सारे आयुष्य याच घरात गेले. शुभकार्यात पुढे यायचे नाही, ही त्या काळची रीत असल्यामुळे फोटोसाठी उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नाही. १९६७ साली मोठ्या काकांची मुंज झाली, तेव्हाच्या समूहचित्रात त्या मागे पडवीच्या खांबाआड उभ्या आहेत आणि त्यांचा उजवा गाल खांबाने झाकलेला आहे. त्या वारल्यानंतर त्याच समूहचित्रातून तेवढा चेहरा मोठा करून घेतला होता. माझ्या धाकट्या चुलतभावाने प्रेमाने, मनापासून, मोबाइलवरच्या एका साधनाने तो फोटो दुरुस्त केला. झाकलेला गाल भरून आला, लुगड्याला रंग आला, चेहऱ्यावर हलके हसू आले आणि कपाळावर कुंकूही आले. ती प्रत आजीला दाखवली तेव्हा तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि म्हणाली, "ही कोणीतरी दुसरीच बाई आहे." भावाला फार वाईट वाटले. भिंतीवर कोणती प्रत लावावी?

तिसरा प्रश्न ओलाव्याचा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार तसबिरींत फोटो काचेला चिकटले आहेत आणि दोन तसबिरींच्या मागे कसर लागली आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

चौकटकार

कोल्हापुरात तीस वर्षे चौकटी बांधण्याचे काम केले आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात उशीर केलेला चालत नाही.

काचेला चिकटलेले फोटो कृपया ओढून काढू नका. जुन्या कृष्णधवल फोटोवर जिलेटिनचा थर असतो; तो दमट हवेत मऊ होतो आणि काचेला धरतो. ओढला तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. असा फोटो काचेसकट स्कॅन करावा किंवा तिरप्या उजेडात, काचेत प्रतिबिंब पडणार नाही अशा बेताने, त्याचा फोटो घ्यावा, आणि मूळ तसाच जपून ठेवावा. एखादा फोटो फारच मोलाचा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे केंद्र आहे. तेथे विचारून पाहावे, घरगुती उपाय करू नयेत.

फोटो चिकटतो, कारण आमच्या आधीच्या पिढीतले कारागीर फोटो थेट काचेला लावून मागून फळी ठोकत असत. फळी बहुधा खोक्याच्या देवदाराची असे, बारीक खिळ्यांनी बसवलेली, आणि कडेने खळ लावून तपकिरी कागदाची पट्टी डकवलेली. लाकडातले आम्ल फोटोचा कागद पिवळा करते आणि खळ म्हणजे कसरीला घातलेले जेवणच. आता चौकटी नव्याने बांधताना काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची किनार, म्हणजे माउंट, घालून घ्या, आणि तो पुठ्ठा आम्लविरहित मागा. चिकटपट्टी फोटोला कुठेही लावू देऊ नका. कागदी कोपऱ्यांत फोटो बसवला की पुरे.

आता चिमण्यांच्या त्या तसबिरीविषयी. तुमच्या पणजोबांची झुकती तसबीर ही केवळ जुनी पद्धत नव्हे. लोक जमिनीवर, पाटावर बसत. उंचावरची तसबीर पुढे झुकलेली असली की खालून चेहरा सरळ दिसतो आणि दाराच्या उजेडाची तिरीप काचेवर चमकत नाही. शिवाय मागे हवा खेळती राहते. जांभ्याची भिंत पावसाळ्यात पाणी शोषते. तिला सपाट टेकवलेली चौकट मागून ओली राहते. म्हणून झुकवून टांगा, आणि जी सरळ टांगाल तिच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चौकट यांत बोटभर अंतर राहील. नव्या गिलाव्यावर मात्र हा एक पावसाळा काहीच टांगू नका. वरून सुकलेला दिसला तरी आत ओल असते.

निशिगंध

आजींचा प्रश्न वाचून थांबले. आपण भिंतीकडे पाहुण्याच्या नजरेने पाहतो, म्हणजे दारातून आत आल्यावर समोर काय दिसते ते पाहतो. त्या घरात दिवसभर वावरणारी बाई मात्र चुलीपाशी बसून, तांदूळ निवडताना, देवाला फुले घालून वळताना त्या भिंतीकडे पाहते. माझ्या आजीच्या घरी, साताऱ्याजवळ, सोप्यातल्या तसबिरी पुरुषमंडळींच्या होत्या आणि आतल्या खोलीत, फडताळाच्या बाजूला, तिच्या माहेरच्या माणसांचे फोटो होते. त्यातला एक तिच्या धाकट्या भावाचा होता, ज्याचे नावही आमच्या सोप्यात कोणी घेत नसे, कारण दोन घरांत जमिनीवरून बोलणे तुटले होते. ती गेल्यावर आम्ही सगळे फोटो एकत्र करून सुबक मांडले आणि कोणता फोटो कुठे होता ही माहिती कायमची हरवली. तुम्ही उतरवण्यापूर्वी भिंतीचा फोटो काढला होता का?

ओटीवरून

निशिगंध, सुदैवाने गवंडी येण्यापूर्वी बहिणीने सहज म्हणून चारही भिंतींचे फोटो काढले होते. तुमचा प्रतिसाद वाचून ते आजीला दाखवले आणि ती पूर्वी पाटावर बसत असे त्या जागेवरून कोणते फोटो दिसत ते पाहिले. नेमके पाच दिसत. त्यांपैकी चार तिच्या मुलांचे आहेत आणि पाचवा मोठ्या आजीचा.

चौकटकार, आपले आभार. एक पावसाळा थांबायचे असे आजोबांनी लगेच मान्य केले.

पडवी

मृत व्यक्तींचे फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावावेत, देवघरात लावू नयेत आणि जिवंत माणसांच्या फोटोंत मिसळू नयेत, असे आमच्याकडे पाळतात. दक्षिण ही पितरांची दिशा मानली जाते, म्हणून. तुमच्या घरी ही रीत असेल तर आजी-आजोबांना विचारून घ्यावे.

अभ्यासू_स

पडवी यांनी सांगितलेली रीत अनेक घरांत आहे, परंतु ती एका मर्यादेपलीकडे फार जुनी असू शकत नाही, कारण फोटोच मुळात १८३९ नंतरचा आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार होते. पण सामान्य घराच्या भिंतीवर तसबीर आली ती पुष्कळ नंतर, आणि आली तेव्हा ती बहुधा देवादिकांची होती. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो मळवलीला गेला, आणि त्या छापील चित्रांमुळे लक्ष्मी-सरस्वती खेडोपाडी माजघरात पोहोचल्या. त्याच ओळीत, त्याच उंचीवर, पुढे घरातल्या कर्त्या पुरुषाचा फोटो लागला. तुमच्या पणजोबांची तसबीर लक्ष्मीच्या शेजारी होती, याचे मला म्हणूनच नवल वाटले नाही. लक्ष्मीचे चित्र टाकून देऊ नका. त्याच्या खालच्या कडेला छापखान्याचे नाव असेल तर ते टिपून ठेवा.

फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, ही समजूतही त्या काळी होती, आणि त्यामुळे कित्येक माणसांचा पहिला फोटो त्यांच्या मृत्यूनंतर, खुर्चीत बसवून, काढलेला आहे. घरातील जुन्या फोटोत डोळे मिटलेले दिसले तर घाईने चुकीचा निष्कर्ष काढू नका आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदम, सर्वांसमोर, त्याविषयी विचारू नका.

दूरदेशी

दुरुस्त केलेल्या प्रतीविषयी मला वेगळे वाटते. मी गेली अठरा वर्षे न्यू जर्सीत आहे. माझ्या आजीचा एकच फोटो माझ्याकडे आहे, तोही ओला होऊन डाग पडलेला. मी तो स्वच्छ करून घेतला, रंग भरून घेतले, आणि माझ्या मुलांनी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे थांबून पाहिले. अंधुक फोटोपुढून मुले निघून जातात. मोठ्या आजींच्या कपाळी कुंकू आले, तर त्यात मला काही गैर दिसत नाही. जे त्यांच्याकडून काढून घेतले ते निदान चित्रात परत मिळाले, असे मी समजेन.

निशिगंध

दूरदेशी, तुमची भावना मला समजते, आणि डाग काढण्याला माझा विरोध नाही. पण त्या कोऱ्या कपाळाने त्या बाईंनी त्या घरात चाळीस-पन्नास वर्षे काढली. मुंजीच्या दिवशी त्या खांबाआड का उभ्या आहेत, हे त्या कोऱ्या कपाळाशिवाय कळत नाही. उद्या ओटीवरून यांची मुले तो हसरा, कुंकू लावलेला चेहरा पाहतील आणि समजतील की मोठी आजी सुखात नांदली. त्यांना कुंकू द्यायचे होते ते तेव्हाच्या माणसांनी द्यायला हवे होते. आता आपण चित्रात ते देऊन त्यांच्यावर काय ओढवले होते ते पुसून टाकू नये, असे मला तळमळीने वाटते.

चौकटकार

यात आमच्या व्यवसायाचीही बाजू सांगितली पाहिजे. फोटोत भर घालणे हे नव्या साधनांनी आणलेले नाही. समूहचित्रातून चेहरा उचलून मोठा करायचा, अंगावर रंगाने कोट चढवायचा, डोक्यावर फेटा किंवा काळी टोपी रंगवायची, काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या कमी करायच्या, ही कामे स्टुडिओत सर्रास होत. ज्या शेतकऱ्याने जन्मात कोट घातला नाही त्याचा कोटातला फोटो त्याच्या मुलांनी आमच्याकडून करून नेला आहे आणि त्याचे त्यांना समाधान झाले आहे. तुमच्या पणजोबांच्या तसबिरीतला कोटही, जरा खिडकीशी नेऊन पाहा, कुंचल्याचा असू शकतो.

फरक एवढाच की तेव्हा काम करणारा समोर बसलेल्या मुलाला विचारत असे: डावा डोळा बारीक होता का, कानात भिकबाळी होती का, रंग सावळा की गोरा. मुलगा "नाही, असे नव्हते" म्हणाला की पुन्हा काढायचे. ज्याने माणूस पाहिला आहे त्याच्या होकाराशिवाय चित्र दुकानाबाहेर जात नसे. तुमच्या घरात मोठ्या आजींना पाहिलेली माणसे अजून आहेत, आणि त्यांपैकी सर्वांत जवळची जी होती, तिने नकार दिला आहे. मी असतो तर ती प्रत लावली नसती.

तांबूस झालेल्या रंगीत फोटोंबद्दल: त्या प्रतींत निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगांचे थर असतात आणि त्या काळच्या कागदावर निळसर थर बहुधा आधी उडतो, म्हणून उरलेला फोटो लालसर दिसतो. मूळ प्रत पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये मागच्या खिशात निगेटिव्ह आहेत का पाहा. असल्या तर त्यांवरून नव्या प्रती करून भिंतीवर त्या लावा. १९६७ चा कृष्णधवल फोटो मात्र नीट जपला तर या सगळ्यांना पुरून उरेल.

कृष्णाकाठ

कोणता फोटो लावावा यापेक्षा एक काम आधी करा. प्रत्येक फोटोतील प्रत्येक माणसाचे नाव आजी-आजोबांकडून लिहून घ्या, आणि बायकांची नावे लिहिताना माहेरचे नावही विचारा. आमच्याकडे लग्नात नाव बदलत असे. आजीच्या एका समूहचित्रामागे माझ्या वडिलांनी सगळी नावे लिहिली, पण बायकांपुढे फक्त "थोरल्या काकू", "मधल्या काकू", "सोलापूरच्या वन्सं" असे लिहिले. लिहिणाऱ्याला ते पुरेसे होते. आम्हाला त्यांतली एकही ओळखता येत नाही. शाईचे पेन वापरू नका, ती पुढून उमटते. मऊ पेन्सिलीने मागच्या कडेला हलक्या हाताने लिहा, आणि चकचकीत पाठीच्या रंगीत फोटोसाठी वेगळ्या कागदावर लिहून तो चौकटीत ठेवा.

माझ्या आजोबांना शेवटची चार वर्षे स्मृतिभ्रंश होता. तेव्हा आम्ही भिंतीवरचे फोटो कमी केले, मोजके सहा ठेवले, मोठे करून घेतले आणि प्रत्येकाखाली ठळक अक्षरांत नाव लिहिले. मला ते ओळखत नसत, पण फोटोखालचे माझे नाव मोठ्याने वाचत आणि मग माझ्याकडे पाहत. वृद्धांच्या घरात खूप फोटो असण्यापेक्षा जे आहेत ते त्यांना दिसणे आणि वाचता येणे महत्त्वाचे आहे.

पडवी

माहेरच्या नावाची सूचना फार मोलाची आहे. मीही आज आईला विचारले. तिच्या आजीचे माहेरचे नाव तिलाही ठाऊक नव्हते.

ओटीवरून

गेले आठ दिवस राजापुरात होतो. काय झाले ते सविस्तर लिहितो, कारण आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले.

कृष्णाकाठ यांच्या सांगण्याप्रमाणे रोज दुपारी चहानंतर दोन-तीन तसबिरी घेऊन बसलो. आजोबा नावे सांगत, आजी ती दुरुस्त करत असे. पणजोबांची तसबीर खिडकीशी नेली; कोट खरोखरच रंगवलेला आहे, गळ्यापाशी कुंचल्याची कड दिसते. आजोबांना हे ठाऊक होते. ते म्हणाले, "बाबा उघडेच असत. पण आईची इच्छा होती."

मुंजीच्या समूहचित्राला पूर्ण दोन दुपारी लागल्या. त्यात ४१ माणसे आहेत. आजीने ३८ ओळखली. मोठ्या आजीपाशी आल्यावर तिने आधी त्यांचे माहेरचे नाव सांगितले, जे वडिलांनीही कधी ऐकले नव्हते. आणि मग सांगितले की त्या दिवशी त्या फोटोला येणारच नव्हत्या. मुंजीचा सगळा स्वयंपाक त्यांनी केला होता आणि फोटोग्राफर माणसे उभी करत असताना त्या आतच होत्या. आजी स्वतः आत जाऊन त्यांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन आली; मोठ्या माणसांच्या देखत पुढे यायला त्या तयार होईनात, म्हणून त्या खांबापाशी थांबल्या. फोटोत आजी ओळीत थोडी तिरकी उभी आहे आणि तिचा डावा हात मागे गेलेला आहे. इतकी वर्षे आम्हाला वाटे की तिचे लक्ष नव्हते. तो हात मोठ्या आजीच्या हातात आहे. चेहरा तेवढा कापून मोठा केला, तेव्हा हात बाहेर राहिला.

चुलतभाऊ हे ऐकत शेजारी बसला होता. त्याने आपली प्रत काढून टाकू का, असे विचारले. आजी म्हणाली, "टाकू नको रे, तू मनापासून केलेस. पण भिंतीवर नको." मग तिनेच ठरवले की दाराशी तो कापलेला चेहरा लावायचा नाही, तर पूर्ण समूहचित्र मोठे करून लावायचे. भावाने मूळ फोटो स्कॅन करून, केवळ धूळ आणि ओरखडे काढून, बाकी काहीही न बदलता त्याची मोठी प्रत करून आणायचे काम स्वतःकडे घेतले आहे. मूळ प्रत आम्लविरहित कागदात गुंडाळून पुण्याला माझ्या बहिणीच्या कोरड्या कपाटात राहील. जुना कापलेला फोटो आजीने आपल्या ट्रंकेत ठेवला.

बाकीची मांडणी बहिणीने काढलेल्या फोटोप्रमाणे जशीच्या तशी करायची, असे ठरले. दक्षिणेच्या भिंतीविषयी आजोबांना विचारले. ते म्हणाले की त्या भिंतीला पावसाची झड लागते, तेथे कोणालाच ठेवू नका. पणजोबांची तसबीर झुकवून, त्याच खिळ्यावर लागेल. चिमण्या गेली दोन वर्षे आलेल्या नाहीत, तरी मागे जागा ठेवायला त्यांनी बजावले आहे.

चौकटकार, एक शेवटची शंका. समूहचित्राची चौकट दोन फूट रुंद होईल. आजी आता पाटावर बसत नाही, दाराशी खुर्ची टाकून बसते. ती किती उंचीवर टांगावी?

चौकटकार

नेहमीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर येतात, पण हा हिशेब सोडून द्या. दिवाळीनंतर भिंत वाळली की आजींना त्यांच्या खुर्चीत बसवा, कोणीतरी चौकट भिंतीशी धरून वर-खाली करा, आणि चौकटीचा मध्य न पाहता तो खांब त्यांच्या डोळ्यांसमोर येईल तेथे पेन्सिलीने खूण करा. काच साधी दोन मिलीमीटरची चालेल. दाराचा उजेड समोरून येत असेल तर वरची कड अर्धा इंच पुढे झुकवा. इतक्या रुंदीला एक खिळा पुरत नाही, दोन मारा. जांभ्यात थेट ठोकू नका, भोक पाडून लाकडी खुंटी बसवा आणि तिच्यात स्क्रू फिरवा.

ओटीवरून

दिवाळीत तसेच करतो. खुंटीसाठी आजोबांनी फणसाचे लाकूड काढून ठेवले आहे.